स्पितीतला काळा शेल: सुटा गोटा, त्यातला ॲमोनाइट आणि त्याचा हरवलेला थर

प्रश्न थोडक्यात असा: हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात लांग्झा, हिक्कीम, कोमिक या गावांच्या परिसरात जुरासिक काळातले ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या, आता नष्ट झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, सापडतात. ते ज्यात असतात तो काळा शेल (चिखलाचा बनलेला, कपच्यांनी तुटणारा खडक) ओळखायचा कसा, सापडलेला नमुना नेमका कुठल्या थरातला हे कसं कळतं, आणि तो सोबत आणता येतो का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: आणू नका. किब्बर अभयारण्य आणि पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली अडचणीत आणू शकतं. हद्दीबाहेरची जमीन गावाची, चराईची किंवा सरकारची असते. भूवारसा स्थळांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये चर्चेसाठी मांडला होता, त्यामुळे या विषयाकडे प्रशासनाचं लक्ष आहे हे धरून चाला. पण माझं खरं कारण कायद्याचं नाही. लांग्झाच्या उतारांवरून दरवर्षी ॲमोनाइट असलेले गोटे पिशव्या भरून जातात, आणि ज्या क्षणी गोटा जागेवरून हलतो त्या क्षणी तो कोणत्या थरातला हे सांगणारा पुरावा बहुतेक वेळा कायमचा संपतो. कपाटात ठेवलेला ॲमोनाइट सुंदर दिसतो, पण तो शैलसमूहाच्या तळचा की माथ्याचा हे माहीत नसेल तर त्याच्याकडून शिकण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून खालचं सगळं उत्तर जागेवर पाहणं, मोजणं आणि नोंदणं याबद्दल आहे.

आधी खडकांची उतरंड डोक्यात पक्की करा, मगच खाली बघायला लागा. लांग्झा परिसरात ती तळापासून वर अशी जाते. सगळ्यात खाली किओटो चुनखडी: फिकट करडी, जाड थरांची, सरळसोट कडे उभे करणारी. तिच्या माथ्यावर विसंगती आहे, म्हणजे मधल्या काही काळाची नोंदच खडकात नाही. या विसंगतीवर अनेक ठिकाणी लोहयुक्त, तांबूस-तपकिरी, बारीक गोल दाण्यांचा पातळ थर मिळतो. त्याच्यावर काळा स्पिती शेल. शेलवर ग्युमल वालुकाश्म: हिरवट-करडा, कठीण, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा. त्याचा हिरवा रंग ग्लॉकोनाइट या खनिजाचा, आणि ते समुद्राच्या तळाशीच तयार होतं. सर्वांत वर, जिथे झीज होऊन गेलेली नाही तिथे, चिक्कीम चुनखडी: पांढरट-करडी, अगदी बारीक पोताची. दहापट भिंगातून तिच्यात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म समुद्री जीवांची ठिपक्यांसारखी कवचं दिसू शकतात. स्पिती, ग्युमल, चिक्कीम ही नावं भूवैज्ञानिक फर्डिनांड स्टोलिच्का यांनी 1864 च्या सर्वेक्षणानंतर रूढ केली, आणि ग्युमल व चिक्कीम ही तिथल्या गावांचीच नावं आहेत. भूवैज्ञानिक हेडन यांनी 1904 मध्ये खोऱ्याचं सविस्तर वर्णन छापलं. शेलमधल्या ॲमोनाइटांवर जीवाश्मतज्ज्ञ उलिग यांचं मोठं काम 1903 ते 1910 या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलं. आजही नमुन्याला नाव देताना गाडी उलिग यांच्या चित्रांपाशी येऊन थांबतेच.

ही उतरंड लांबूनही वाचता येते, आणि माझ्या मते जवळ जाण्याआधी अर्धा तास समोरच्या टेकाडावर बसून तेवढंच करावं. शेल मऊ आहे, कडा धरत नाही. खाली चुनखडीची भिंत आणि वर वालुकाश्माच्या पायऱ्या, यांच्या मध्ये जो काळपट, गुळगुळीत, घसरता उतार किंवा खिंडीसारखी खोलगट जागा दिसते, तो शेल. या मऊ पट्ट्यावरच माती साठते, ओल टिकते आणि चराईची कुरणं होतात. लांग्झा साधारण 4,400 मीटरवर आहे आणि मागे 6,303 मीटरचं चौ चौ कांग निल्डा शिखर. गावाच्या भोवतीचे काळे उतार नजरेत भरायला नकाशा लागत नाही. नकाशा लागतो तो तो उतार खरंच शेलचा की हिमनदीने आणून टाकलेल्या मिश्र डबराचा हे ठरवायला. डबरात चुनखडी, वालुकाश्म, शेल सगळं एकत्र, कोनेदार आणि थरांशिवाय असतं.

जवळून शेलची ओळख अशी. ताजा तुकडा काळा, नख ओढलं तर करडी रेघ उमटेल इतका मऊ, कपच्या-कपच्यांनी तुटणारा. उघड्यावर राहिलेल्या पृष्ठभागावर पिवळट-तांबूस डाग आणि कधी पांढरी पूड असते. शेलमधल्या पायराइटची (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा-पाण्याशी क्रिया होऊन गंधकयुक्त आम्ल तयार होतं, ते चुन्याशी भेटलं की जिप्सम बनतं, हे त्याचे डाग. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर शेल सहसा गप्प राहतो, चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट किंवा सिडेराइट ही कार्बोनेट खनिजं असतील तर थेंबाने काही होत नाही. सुरीने खरवडून पूड करा आणि त्या पुडीवर थेंब टाका, तेव्हा संथ बुडबुडे येतात. ही पायरी गाळली की डोलोमाइटी थराला वालुकाश्म म्हणून मोकळे होणं फार सोपं आहे. आम्ल विमानात नेता येत नाही, ते रस्त्यानेच न्यावं लागतं.

आता गफलतींच्या जागा. स्पितीत काळा शेल एकच नाही. पिन खोऱ्यात मुद गावाजवळ पर्मियन काळातला गुंगरी शेलही काळाच आहे. त्याच्यावर ट्रायासिक काळाचे पातळ चुनखडी थर येतात, आणि त्या दोघांच्या मधली रेघ म्हणजे सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशाची रेघ. त्या चुनखडीच्या तळाशीच ओटोसेरस हा प्रसिद्ध ॲमोनॉइड (ॲमोनाइट ज्यात मोडतात त्या मोठ्या गटातला प्राणी) मिळतो. गुंगरी शेल आणि स्पिती शेल यांच्यात नऊ कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे, आणि तरीही हातातल्या कपचीवरून ते सहज एकसारखे वाटू शकतात. म्हणून कपचीच्या रंगावर निर्णय घेऊ नका, खाली-वर काय आहे ते बघा. गुंगरीच्या खालच्या बाजूला उतरत गेलं की पुढे मुथ क्वार्टझाइटची पांढरी, काचेसारखी कठीण भिंत लागते. स्पिती शेलच्या खाली किओटो चुनखडी.

दुसरी गफलत नदीकाठच्या फिकट, आडव्या, वहीच्या पानांसारख्या पातळ थरांची. दरडी कोसळून नदी अडल्यामुळे स्पितीत प्राचीन तळी तयार झाली होती. त्यांचा हा गाळ आहे, आणि त्याचं वय हजारो वर्षांत मोजलं जातं, कोटींत नाही. थर आडवे, हाताने चुरगळणारे आणि दरीच्या आजच्या आकारात बसणारे असतील तर ते तळ्याचे. जुरासिक खडक हिमालयाबरोबर घड्यांमध्ये सापडलेला असतो, तो असा निवांत आडवा क्वचितच मिळतो.

ॲमोनाइट शेलमध्ये सरसकट पसरलेले नसतात. चांगले नमुने मिळतात ते गोट्यांमध्ये: मुठीएवढ्या ते नारळाएवढ्या, काळ्या-तपकिरी, जड, गोल किंवा चपट्या काँक्रीशनमध्ये. हे गोटे वाहून आलेले नाहीत, ते चिखलातच तयार झाले. समुद्राच्या तळाशी प्राणी मरून चिखलात गाडला गेला. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हता. जिवाणूंनी पाण्यातल्या सल्फेटच्या मदतीने त्याचं मांस कुजवलं. या क्रियेत बायकार्बोनेट आणि सल्फाइड तयार होतं. बायकार्बोनेटमुळे आसपासच्या छिद्रांत कार्बोनेटचं सिमेंट बसतं, सल्फाइड लोहाशी जुळून पायराइट होतं. म्हणजे कवचाभोवतीचा चिखल, वरून शेकडो मीटर गाळ साठून दाब वाढण्याच्या आधीच, दगड झाला. बाहेरचा चिखल मात्र पुढे दाबाखाली चपटा होत गेला. म्हणून गोट्यातला ॲमोनाइट फुगीर राहतो आणि दोन हातांवरच्या शेलमधला त्याच जातीचा ॲमोनाइट कागदासारखा सपाट मिळतो. नवखा माणूस या दोघांना दोन वेगळी नावं देतो.

ही गोष्ट जागेवर तपासता येते. उभ्या कापात दिसणारा गोटा शोधा. गोट्याच्या मधोमध एकाच बारीक थराची जाडी मोजा, मग तोच थर गोट्याच्या बाजूने शेलमध्ये किती पातळ होतो ते बघा. आत 10 मिलिमीटर आणि बाहेर 3 मिलिमीटर भरला तर गोटा घट्ट झाल्यानंतर भोवतीच्या चिखलाची जाडी 70 टक्क्यांनी घटली. फक्त मोजपट्टीने मिळणारी ही माहिती शेलच्या मूळ जाडीचा अंदाज बांधायला लागते, आणि ती त्या जागीच मिळते. गोटा पिशवीत गेला की संपली.

आतल्या जीवाश्माचं काय होतं, तेही समजून घ्या. ॲमोनाइटचं कवच ॲरागोनाइटचं होतं. हे खनिज अस्थिर आहे, काळाच्या ओघात विरघळतं किंवा कॅल्साइटमध्ये बदलतं. त्यामुळे आपल्याला बहुतेक वेळा कवच नाही, तर आत भरलेल्या गाळाचा साचा मिळतो. तक्रार करण्यासारखं यात काही नाही, कारण कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे जोडलेल्या होत्या त्या शिवण रेषा कवच गेल्यावरच दिसतात. बेलेम्नाइटची गोष्ट उलटी. हा आजच्या माकुळाचा नातलग. त्याच्या शरीरातली दांडी मुळातच कॅल्साइटची होती, म्हणून ती तशीच टिकते: तपकिरी-करडी, गोळीसारख्या टोकाची, मोडली तर आत केंद्रापासून निघालेले सुईसारखे तंतू. आम्लाच्या थेंबाने जोरात फसफसते. लाकडाचा किंवा हाडाचा तुकडा समजून लोक ती सोडून देतात, पण शेलचा खालचा भाग ओळखायला ती ॲमोनाइटपेक्षा जास्त कामी येते.

शेलचे परंपरेने तीन भाग मानतात. तळाशी बेलेम्नोप्सिस जेरार्डी या बेलेम्नाइटच्या नावाने ओळखले जाणारे थर. मध्ये चिदामू थर, त्यांत पेरिस्फिंक्टिड कुळातले ॲमोनाइट जास्त. वर लोचंबल थर, त्यांत स्पिटीसेरस, हिमालयाइट्स, ब्लॅनफोर्डिसेरस. वय साधारण 16 कोटी वर्षांपासून जुरासिकच्या शेवटापर्यंत आणि थोडं पुढे. जुरासिक आणि क्रिटेशस यांच्यातली रेघ सुमारे 14.5 कोटी वर्षांची, आणि ती शेलच्या वरच्या भागात पडते. हे वय शेलमधल्या कुठल्या राखेवरून थेट मोजलेलं नाही. ॲमोनाइटच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि समुद्रातून दूरवर पसरल्या, म्हणून त्यांच्या क्रमाची जगभरातल्या क्रमाशी जुळणी करून ते ठरतं. इथेच नमुन्याच्या जागेचं मोल येतं. क्रम ठाऊक असलेल्या थरातून आलेला मोडका अर्धा ॲमोनाइट, कुठून आला ते न कळणाऱ्या अखंड ॲमोनाइटपेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

वंशाची ओळख फोटोवरून करायची तर एका फोटोत ती होत नाही. सगळे जण बाजूचा फोटो काढतात, कारण वेटोळं बाजूने देखणं दिसतं. खरी खूण पाठीवर, म्हणजे वेटोळ्याच्या बाहेरच्या धारेवर असते. ब्लॅनफोर्डिसेरसमध्ये कंगोरे पाठीवर येऊन तुटतात आणि मध्ये पन्हळ राहते. हिमालयाइट्समध्ये बाजूच्या मध्यावर ठळक गाठी असतात आणि तिथून कंगोरे फुटतात. स्पिटीसेरसमध्ये गाठी नाभीजवळ, म्हणजे वेटोळ्याच्या मधल्या खोलगट भागाजवळ, आणि तिथून कंगोऱ्यांचे जुडगे बाहेर जातात. पेरिस्फिंक्टिडांचे कंगोरे बारीक, सलग, बाहेरच्या बाजूला दोन किंवा अधिक फाट्यांचे. तेव्हा तीन फोटो: बाजू, पाठ आणि जिथे मोडलं असेल तिथला आडवा छेद. प्रत्येकात मोजपट्टी आणि प्रकाश एका बाजूने तिरका. सकाळी आठच्या आधीचं किंवा संध्याकाळचं ऊन यासाठी उत्तम. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कंगोरे सपाट होतात. गोटा ओला करून फोटो काढण्याची सवय टाळा, चमक येते आणि उठाव मरतो.

मोजायच्या चार गोष्टी: पूर्ण व्यास, नाभीची रुंदी, शेवटच्या वेटोळ्याची उंची आणि त्याची जाडी. नाभीची रुंदी भागिले व्यास हे गुणोत्तर वेटोळी किती उघडी आहेत ते सांगतं, आणि वेगवेगळ्या आकारांच्या नमुन्यांची तुलना त्यावरून होते. एक सावधगिरी हवी. हिमालयाच्या उठावात शेल घसटला गेला आहे, त्यामुळे शेलमधले, आणि कधी गोट्यातलेही, ॲमोनाइट लंबगोल झालेले असतात. एकाच थरातल्या चार-पाच नमुन्यांची लांब बाजू एकाच दिशेला पडत असेल तर तो आकार प्राण्याचा नाही, खडकावरच्या दाबाचा आहे. अशा नमुन्यांची गुणोत्तरं वापरू नका. दिशा मात्र जरूर नोंदवा, ती संरचनेच्या अभ्यासाला उपयोगी पडते.

शिवण रेषेवरून मोठ्या काळाचा अंदाज एका नजरेत येतो. साधी, मोठ्या लाटांची रेषा असेल तर पुराजीव, म्हणजे ट्रायासिकच्या आधीच्या, काळातला गोनिॲटाइट. लाटेची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी दातेरी असेल तर सेराटाइट, ट्रायासिकमध्ये हे खूप. रेषा पूर्ण झालरदार, फांद्यांना पुन्हा फांद्या, असं असेल तर बहुधा जुरासिक किंवा क्रिटेशस. पिन खोऱ्यातला नमुना लांग्झाचा म्हणून दाखवला गेला तर ही एक रेषा ते उघडं पाडू शकते. विकायला ठेवलेल्या गोट्यांत कंगोरे कोरून वाढवलेलेही असू शकतात. भिंगातून कंगोऱ्याच्या कडेला हत्याराच्या समांतर रेघा दिसतात, आणि गोट्याच्या दोन अर्धांतला साचा व ठसा एकमेकांत बसत नाहीत.

सुटा गोटा उतारावर पडलेला दिसला, त्याचा थर कसा शोधायचा? तो खाली घरंगळला आहे, वर चढलेला नाही, एवढंच सुरुवातीला नक्की असतं. म्हणून तिथून सरळ वर, पाणी वाहतं त्या रेषेने चढा. दर 10 मीटरला थांबून भोवतालच्या साधारण 2 मीटर रुंदीत असे गोटे किती ते मोजा आणि वहीत आकडा लिहा. आकडा वाढत जातो आणि एका उंचीनंतर एकदम शून्यावर येतो. ती उंची, किंवा तिच्या जरा खालची जागा, हा उगमाचा थर. मग त्याच उंचीवर डावी-उजवीकडे जवळचा नाला गाठा, कारण नाल्याने कापलेल्या बाजूतच थर जागेवर दिसेल. थंडीने फुटलेल्या गोट्याचे दोन अर्ध सहसा एकमेकांजवळ पडलेले असतात. दुसरा अर्ध जवळपास नसेल तर गोटा दूरवरून आला आहे किंवा कुणीतरी आधी हाताळला आहे. जुन्या हिमनदीचं डबर असलेल्या उतारावर ही मोजणी फसते, तिथे करू नका.

शेलच्या उतारावर डिप (थर आडव्या पातळीपासून किती कोनात झुकला आहे ते) मोजताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, उताराचा वरचा एक-दोन मीटर शेल स्वतःच्या वजनाने खाली वाकलेला असतो, तिथला डिप खोटा. नाल्याच्या तळाशी, ताज्या कापातच मोजा. दुसरी, शेल ज्या पृष्ठांनी फुटतो ती पृष्ठं नेहमी मूळ थरांची नसतात, दाबाने आलेली फाटही असते. शेल पेन्सिलीसारख्या काड्यांनी फुटत असेल तर तिथे मूळ थर आणि नंतरची फाट एकमेकांना छेदतायत हे समजा. मूळ थर पकडायचा तर गोट्यांची रांग किंवा मधला वाळूचा पातळ थर शोधा आणि त्याचाच डिप घ्या. तिसरी चूक सर्वांत महाग. शेल मऊ असल्यामुळे घड्या आणि फॉल्ट (ज्यांवरून खडक सरकतो त्या भेगा) त्याच्यातूनच सरकतात, तोच थर दोनदा भेटतो, आणि काही ठिकाणी उतरंड उलटीही असते. गाळ कुठल्या बाजूने वर होता हे सांगणारी खूण ॲमोनाइटच्या आतच मिळू शकते. काही कप्प्यांत खालचा अर्धा भाग चिखलाने आणि वरचा अर्धा नंतर आलेल्या पांढऱ्या कॅल्साइटने भरलेला असतो. त्यांच्यातली रेघ ही त्या वेळची आडवी पातळी आणि कॅल्साइटची बाजू वरची. पण ही खूण जागेवर घट्ट बसलेल्या गोट्यातच वाचता येते. सुट्या गोट्यात रेघ दिसली तरी तिची दिशा हरवलेली असते.

जाडीचं गणित उदाहरणाने सांगतो, कारण इथे मोठ्या चुका होतात. स्ट्राइकला (झुकलेल्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) काटकोनात, उताराच्या पृष्ठभागावरून 120 मीटर टेप टाकला. थरांचा डिप 35 अंश, उतार 15 अंश. उतार आणि डिप विरुद्ध दिशांना असतील तर कोन मिळवायचे: 120 गुणिले साइन 50, म्हणजे सुमारे 92 मीटर. दोन्ही एकाच दिशेला असतील तर वजा करायचे: 120 गुणिले साइन 20, सुमारे 41 मीटर. तोच टेप, तोच डिप, आणि उत्तर दुपटीहून जास्त वेगळं. वहीत उताराचा कोन आणि त्याची दिशा लिहिली नसेल तर घरी आल्यावर हे कशानेच दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा 1.5 मीटरची सरळ काठी आणि तिच्या टोकाला बसवलेला क्लिनोमीटर (कोन मोजायचं साधन) सोपा. काठी थरांना काटकोनात तिरकी धरा, टोकावरून थरांना समांतर नजर टाका, नजर जिथे जमिनीला भिडेल तिथे पुढची काठी. प्रत्येक पाऊल म्हणजे 1.5 मीटर खरी जाडी. एकाने काठी, दुसऱ्याने वही, आणि दर पावलाला खडक, रंग, गोटे, जीवाश्म यांची एक ओळ.

हा शेल एवढ्या लांबवर पसरलेला आहे हेही ध्यानात असू द्या. भारतीय भूखंड दक्षिण गोलार्धात असताना त्याच्या उत्तर काठावर, टेथिस समुद्राच्या तळाशी हा चिखल साठला. झंस्कारपासून स्पिती, कुमाऊँ, नेपाळ आणि दक्षिण तिबेटपर्यंत त्याचे पट्टे मिळतात. नेपाळात काली गंडकी नदी याच वयाच्या काळ्या शेलमधून वाहते, आणि आपल्या देवघरांतले शाळिग्राम तिथून येतात. त्यातलं चक्र म्हणजे ॲमोनाइटच्या वेटोळ्याचा ठसा. वर आलेला ग्युमल वालुकाश्म सांगतो की नंतर समुद्रात वाळू यायला लागली, म्हणजे काठाची परिस्थिती बदलली. शेल आणि वालुकाश्म यांच्यातली सीमा काही ठिकाणी हळूहळू बदलते, म्हणून तिथे एक रेघ मारण्याऐवजी पहिला सलग वाळूचा थर कुठे लागला ते लिहा.

जाण्याच्या तयारीबद्दल मोजकं. मध्य जून ते सप्टेंबर हा काळ. कुंझुम खिंड उघडी असेल तर मनालीहून, नाहीतर शिमला-किन्नौर-ताबो मार्गाने. किन्नौरचा रस्ता हळूहळू चढतो, म्हणून उंचीची सवय नसलेल्यांना तोच बरा. काझा या स्पितीतल्या मुख्य गावात किमान दोन रात्री काढल्याशिवाय लांग्झावर दिवसभराचं काम ठेवू नका. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं. नाल्यांचं पाणी दुपारनंतर बर्फ वितळून वाढतं. सकाळी ओलांडलेला नाला चारला तसाच मिळेल असं धरू नका. ओल्या शेलवर बूट अजिबात धरत नाहीत.

ज्यांच्याकडे संशोधनाची रीतसर परवानगी आहे, त्यांनी नमुना उचलण्याआधी त्याच्या वरच्या पृष्ठभागावर बाण करून उत्तर दिशा, स्ट्राइक आणि डिप पेन्सिलीने लिहावं आणि मग जागेवरचा फोटो घ्यावा. गोटा फोडायचाच तर त्याच्या सर्वांत रुंद कडेवर, चपट्या बाजूला समांतर, हलके ठोके देत फिरवत न्यायचा. तोंडावर घाव घातला तर भेग ॲमोनाइटमधूनच जाते. डोळ्यांना चष्मा हवाच. पायराइट असलेला नमुना पाण्याने धुऊ नका. साठवणीत सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की पायराइटचं ऑक्सिडीकरण वेग घेतं, पांढरी-पिवळी पूड येते, गंधकाचा वास येतो आणि तयार झालेलं आम्ल लेबलसकट सगळं खातं. बंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली ठेवायची, आणि बाधित नमुना इतरांपासून वेगळा करायचा. चांगले नमुने निवांत बघायचे असतील तर देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचं संग्रहालय प्रवासाआधी पाहून घ्या. काय शोधायचं ते डोळ्यांना आधीच कळलेलं असतं.

परवानगी नसलेल्यांनी काही वेगळं सापडलं तर ते तिथेच ठेवून एवढी नोंद करावी: जीपीएसचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत आणि उंची, गोटा सुटा की जागेवर, जागेवर असेल तर वर-खाली दोन-दोन मीटरमध्ये कोणता खडक, थराचा डिप आणि त्याची दिशा, वर सांगितलेले तीन फोटो, शिवाय जागेचा एक लांबून काढलेला फोटो ज्यात क्षितिजावरची ओळखू येणारी टेकडी दिसेल, आणि तारीख. एवढं घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला लिहिलं तर त्यांना ती जागा पुन्हा सापडते. समाजमाध्यमांवर मात्र नेमके अक्षांश-रेखांश टाकू नका. गावाचं नाव पुरेसं आहे.